पीएलसी, मीटर आणि ड्राइव्ह एका नेटवर्कवर आणण्यापूर्वीची तयारी

बहुतेक प्रकल्पांत खरेदीचा क्रम उलटा लागतो. आधी पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक नियंत्रक) ठरतो, मग सॉफ्टवेअर, आणि पॅनेल उभं राहिल्यावर कळतं की निम्म्या उपकरणांचा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची भाषा, वेगळाच आहे. सुरुवात उपकरणांच्या यादीपासून करा. प्रत्येक उपकरणाचा पूर्ण मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवा, कारण एकाच मालिकेतल्या एका मॉडेलला कम्युनिकेशन पोर्ट असतो आणि दुसऱ्याला नसतो. सोबत फर्मवेअरची आवृत्ती, पोर्टचा प्रकार, कुठल्या पॅनेलमध्ये बसणार आणि डेटा किती वेळाने हवा, हेही लिहा. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ऊर्जा मीटर पाच सेकंदांनी वाचला तरी चालतो, तिथे मॉडबस आरटीयू हा आरएस-485 या दोन तारांच्या लाइनवर चालणारा साधा प्रोटोकॉल पुरतो. कन्व्हेयरच्या ड्राइव्हना (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणांना) दहा-वीस मिलिसेकंदांत आज्ञा हवी असेल तर प्रोफिनेट किंवा इथरनेट/आयपी हे इथरनेटवरचे प्रोटोकॉल घ्या. एकमेकांशी ताळमेळ राखणारे सर्व्हो (अचूक जागा गाठणाऱ्या मोटरी) असतील तर त्याहून वेगवान इथरकॅटचा विचार करा.

यादी झाली की ऑर्डर देण्याआधीच वर्णन-फायली (उपकरण कोणता डेटा देतं-घेतं हे सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या) उतरवून घ्या: प्रोफिनेटसाठी जीएसडीएमएल, इथरनेट/आयपीसाठी ईडीएस, इथरकॅटसाठी ईएसआय, सेन्सर जोडणाऱ्या आयओ-लिंकसाठी आयओडीडी. मॉडबसला अशी प्रमाणित फाइल नाही. तिथे उत्पादकाचा रजिस्टर नकाशा, म्हणजे कुठलं मूल्य कुठल्या क्रमांकाच्या रजिस्टरात (16 बिटांच्या कप्प्यात) आहे याची यादी, मिळवावी लागते, आणि ती हातात नसेल तर मीटर मागवू नका. नकाशात 40001 लिहिलेलं रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात शून्य क्रमांकाने मागितलं जातं. काही उत्पादक थेट शून्यापासूनच मोजतात, म्हणून एका घराने सरकलेली आकडेवारी हा नेहमीचा घोळ. दुसरा घोळ शब्दांच्या, म्हणजे 16 बिटांच्या तुकड्यांच्या, क्रमाचा. 230.0 व्होल्ट हा 32 बिटांचा फ्लोट दोन रजिस्टरांत हेक्समध्ये 4366 आणि 0000 असा येतो. क्रम उलटा लागला तर पडद्यावर जवळजवळ शून्य दिसतं आणि लोक वायर तपासत बसतात.

आरएस-485 ची लाइन साधी दिसते, पण सर्वाधिक वेळ तीच खाते. केबल 120 ओहम प्रतिबाधेची, पीळ घातलेल्या जोडीची आणि शील्ड असलेली घ्या, आणि कॉमनसाठी (सगळ्या उपकरणांच्या समान शून्य-संदर्भासाठी) एक जादा तार असलेलीच मागवा. कॉमन न जोडल्यास दोन पॅनेलांमधला व्होल्टेजचा फरक −7 ते +12 व्होल्टच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो आणि लाइन अधूनमधून बंद पडते. जोडणी एका उपकरणातून पुढच्यात अशीच हवी, फांद्या फोडू नका. ए आणि बी ही अक्षरं सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, त्यामुळे उपकरण उत्तर देत नसेल तर आधी ती दोन टोकं अदलाबदल करून बघा. 120 ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना लागतात. सगळं बंद असताना मल्टिमीटरने ए-बी मोजा: साधारण 60 ओहम आला तर ठीक, 120 आला तर एक टोक सुटलं आहे, 40 आला तर मधल्या कुठल्यातरी उपकरणात तिसरा चालू राहिला आहे. ड्राइव्हच्या मोटर केबलपासून ही केबल किमान 20-30 सेंटिमीटर दूर ठेवा आणि ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा.

वेगाचा हिशेबही कागदावर करून घ्या. 9600 बॉडला (सेकंदाला 9600 बिट) एक अक्षर 11 बिटांचं धरलं तर सुमारे 1.15 मिलिसेकंद लागतात. दहा रजिस्टर वाचायला विचारणा आणि उत्तर मिळून 33 बाइट, म्हणजे 38 मिलिसेकंद. त्यात मीटरचा विचार करण्याचा वेळ आणि मधली शांतता धरून 60 ते 80. तीस मीटरची फेरी दोन सेकंदांच्या आसपास जाते. पण टाइमआउट एक सेकंद आणि प्रयत्न तीन असे ठेवले, तर बंद पडलेला एकच मीटर प्रत्येक फेरीत तीन सेकंद अडवून ठेवतो. टाइमआउट 300 मिलिसेकंदांच्या आसपास आणा, आणि तरीही भागत नसेल तर गेटवे (आरएस-485 लाइन इथरनेटला जोडणारं उपकरण) घेऊन दोन लाइनी करा.

इथरनेटच्या बाजूला तांब्याची केबल 100 मीटरपर्यंतच. त्यापुढे फायबर. स्विच 24 व्होल्टचा, डिन रेलवर (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर) बसणारा आणि मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, घ्या, इथे पैसे वाचवू नका. इथरनेट/आयपीमध्ये मल्टिकास्ट (एकच संदेश अनेकांना) असेल तर तो फक्त मागणाऱ्या पोर्टांवर पाठवणारं आयजीएमपी स्नूपिंग लागतं, आणि दोष शोधताना पोर्ट मिररिंगशिवाय (एका पोर्टच्या संदेशांची नक्कल दुसऱ्यावर) वायरशार्क या संदेश तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला इतर उपकरणांमधलं बोलणं दिसत नाही. साध्या स्विचवर चुकून रिंग जुळली की ब्रॉडकास्टचं वादळ उठतं आणि सगळी लाइन थांबते. इथरकॅटच्या साखळीत मात्र सर्वसाधारण स्विच घालायचाच नाही. ऑफिसचं नेटवर्क फायरवॉलने वेगळं करा, कारण साध्या मॉडबस टीसीपीत पासवर्ड विचारण्याची सोयच नाही: 502 पोर्टपर्यंत पोचलेला कोणीही रजिस्टर लिहू शकतो.

सॉफ्टवेअर निवडताना आवृत्तीच सगळं ठरवते. रॉकवेलच्या स्टुडिओ 5000 मध्ये प्रकल्पाची आणि कंट्रोलरच्या फर्मवेअरची मुख्य आवृत्ती जुळावी लागते. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलचा प्रकल्प नव्या आवृत्तीत वर नेला की तो जुन्यात उघडत नाही. म्हणून प्रत्येक आवृत्ती वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा. स्काडाचं (सगळा डेटा पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स टॅगांवर, म्हणजे वाचायच्या मूल्यांच्या संख्येवर, मिळत असेल तर मोजणी करा: तीस मीटर गुणिले बारा मूल्यं म्हणजे 360, त्यावर अलार्म आणि गणितं, आणि वर एक चतुर्थांश मोकळी जागा.

कमिशनिंगच्या (साइटवर सगळं चालू करण्याच्या) लॅपटॉपवर ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क आधीच मिळवून ठेवा. पिशवीत आयसोलेटेड यूएसबी-485 कन्व्हर्टर, दोन 120 ओहमचे रेझिस्टर, जादा पॅच केबल आणि मल्टिमीटर असू द्या. साइटवर जाण्यापूर्वी प्रत्येक प्रकारचं एक उपकरण टेबलावर जोडून एक मूल्य वाचा आणि चालत असेल तिथे एक लिहूनही पाहा. पत्ते त्याच वेळी देऊन उपकरणावर चिकटपट्टी लावा, कारण नव्या मीटरचा पत्ता बहुधा 1 असतो आणि एका लाइनवर दोन 1 आले की दोन्ही उत्तरं एकमेकांत मिसळून खराब होतात.