गाडीतल्या सबवूफरची पेटी: आधी घनफळ, मग करवत

डिकीत मावेल तेवढी पेटी ठोकायची आणि मग तिच्यात ड्रायव्हर (म्हणजे स्पीकरचा नुसता गोल भाग) बसवायचा, हा क्रम उलटा आहे. ड्रायव्हरच्या डेटाशीटवरचे तीन आकडे आधी घ्या: एफएस (पेटीबाहेर ड्रायव्हर ज्या वारंवारितेला आपोआप थरथरतो ती, म्हणजे त्याचा अनुनाद), क्यूटीएस (तो अनुनाद किती तीव्र आहे याचं माप) आणि व्हीएएस (ड्रायव्हरच्या लवचिकतेइतकी लवचीक असणाऱ्या हवेचं घनफळ).

पहिल्यांदाच करत असाल तर बंद पेटीच करा, म्हणजे हवा ये-जा करायला भोक नसलेली. तिच्यात दोन-तीन लिटरची चूक खपून जाते. शिवाय बंद पेटीचा आवाज खालच्या पट्टीत दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत असला, तरी गाडीची बंद केबिन तिथेच खर्ज उचलून धरते आणि बरीचशी तूट भरून निघते.

पेटीचं लक्ष्य क्यूटीसी (पेटीत बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.७०७ ठेवा. त्याला क्यूटीएसने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा. व्हीएएसला या आकड्याने भागलं की निव्वळ घनफळ मिळतं. समजा एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ४० लिटर आहे. घनफळ येतं सुमारे २७ लिटर आणि पेटीतला अनुनाद ४७ हर्ट्झवर. याच ड्रायव्हरला १० लिटरमध्ये कोंबलं तर क्यूटीसी १ वर जातो, अनुनाद ६७ हर्ट्झवर. मग खोल खर्जाऐवजी एकाच सुराची धबधब ऐकू येते.

या २७ लिटरमध्ये ड्रायव्हरने व्यापलेली जागा (समजा २ लिटर) आणि आतल्या आडव्या टेकूची १ लिटर मिळवा. झाले ३० लिटर. आतून रुंदी ४५ सेंमी आणि उंची ३२ सेंमी धरली, तर खोली २०.८ सेंमी लागते. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) १८ मिमीचा घ्या. म्हणजे बाहेरचं प्रत्येक माप ३.६ सेंमीने वाढतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: बाहेरच्या मापांवर घनफळ काढलं जातं आणि पेटी लहान पडते.

मागच्या सीटची पाठ कललेली असते, म्हणून पेटीही तशीच कापा. आतली खोली वर १६.८ आणि खाली २४.८ सेंमी ठेवली की सरासरी तीच राहते, कोन साधारण १४ अंशांचा येतो. चुंबकामागे निदान ५ सेंमी मोकळी जागा उरते का, तेही पाहा.

एमडीएफच्या कडेत थेट स्क्रू घातला की ती उकलते. आधी बारीक भोक पाडा, लाकडाचा गोंद भरपूर लावा आणि दर १५ सेंमीवर स्क्रू घ्या. आतले सांधे सिलिकॉनने बुजवा, पण ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी बसवा. ओल्या सिलिकॉनच्या वाफा त्याच्या सराउंडला (पडद्याभोवतीच्या लवचीक कडेला) बाधू शकतात. ड्रायव्हरच्या कडेखाली फोमची पट्टी हवीच. वायरचं भोकही बुजवा.

तपासणीसाठी ड्रायव्हरचा कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) दोन्ही बाजूंनी हलकेच, समान दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी घट्ट आहे. झटकन आला किंवा शिट्टी वाजली तर गळती शोधा.

पोर्टेड पेटी (हवा ये-जा करायला नळी असलेली) मोठी लागते, आवाजही जास्त देते, पण ट्यूनिंगच्या, म्हणजे नळी ज्या वारंवारितेला जुळवलेली असते तिच्या, खाली पडद्याला हवेचा आधार उरत नाही. सबसॉनिक फिल्टर (अतिखालच्या वारंवारिता अडवणारा) नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

पेटी गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळा. नुसती ठेवलेली जड पेटी अपघातात पुढे फेकली जाते. भोक पाडण्यापूर्वी खाली वाकून इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठे आहेत ते बघा.