पालिकेकडून हवामान बदलाचं काम करून घ्यायचंय? आधी बजेटचं पुस्तक उघडा

हवामान बदल म्हटलं की डोळ्यासमोर मोठमोठ्या परिषदा येतात, पण पाणी तुंबतं ते आपल्या गल्लीतल्या नाल्यात आणि तो नाला कधी उपसायचा हे ठरतं पालिकेत. कचरा, रस्त्यावरचे दिवे, पाणीपुरवठा, बस, झाडं, बांधकामाची परवानगी, यातलं बरंचसं पालिकेच्या नाहीतर पंचायतीच्याच टेबलावरून जातं. म्हणजे साध्या माणसाचा हात जिथे पोचतो अशी ही जागा आहे, फक्त सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट मला पक्की पटलीये. आराखडा कितीही चांगला असू दे, त्या कामासमोर बजेटमध्ये रक्कम नसेल तर काम होत नाही. ओस्लो शहराने २०१७ पासून पैशाच्या बजेटसोबत हवामानाचंही बजेट मांडायला सुरुवात केली, कुठल्या कामाने हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन किती कमी होणार आणि ते काम कुठल्या विभागाच्या अंगावर आहे हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या पालिकेत असं काही नसलं तरी हरकत नाही, साधं बजेटही भरपूर सांगतं.

पहिलं काम: बजेट मिळवा आणि वाचा

बऱ्याच पालिकांच्या वेबसाईटवर ते असतं, नसेल तर लेखा विभागात मागा, तिथेही नाही म्हणाले तर माहिती अधिकारात अर्ज टाका. जाड पुस्तक बघून घाबरू नका, सगळं वाचायचं नाहीये. एकेका कामासमोर सहसा तीन आकडे असतात: मागच्या वर्षी खरोखर झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. सगळे तरतुदीचा आकडा बघून खूश होतात, तुम्ही खर्चाचा बघा. दरवर्षी तरतूद मोठी आणि खर्च जवळपास शून्य असेल तर ते काम फक्त कागदावर आहे असं समजा.

मी पहिल्यांदा असं पुस्तक उघडलं ते झाडांसाठी. आमच्या रस्त्याला लावलेली रोपं एकामागून एक वाळत होती, लोखंडी जाळीत नुसती काटकी उभी, आळ्यातली माती तडकलेली, आणि जाळीवरची पाटी मात्र नवीकोरी. मला वाटायचं की झाडांसाठी पैसेच नसतील. पुस्तकात बघितलं तर वृक्षलागवडीला रक्कम होती, ती खर्चही झालेली, पण पाणी घालायला, जाळी दुरुस्त करायला, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावायला एकही वेगळी ओळ नव्हती. तिथून आमची मागणी बदलली. नवीन झाडं लावा म्हणणं बंद केलं आणि आहेत ती रोपं तीन वर्षं जगवायला पैसे ठेवा असं लिहून दिलं. ही मागणी छोटी वाटते पण रोप मूळ धरेपर्यंतची दोनतीन वर्षंच सगळ्यात नाजूक असतात, आणि सावली देतं ते जगलेलं झाड.

मग एकच विषय धरा

दहा मागण्यांचं पत्र फाईलमध्ये पडून राहतं. तुमच्या भागात सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो ते धरा.

उन्हाचा त्रास असेल तर कमी पैशात बरंच होऊ शकतं. अहमदाबादला मे २०१० मध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला, हवामान खात्याच्या अंदाजावरून रंगाप्रमाणे इशारे द्यायचे, कुठला इशारा आला की कोणी काय करायचं हे आधीच ठरवून ठेवायचं, दवाखान्यातल्या लोकांना उष्माघात ओळखायचं ट्रेनिंग द्यायचं. यातल्या बहुतेक गोष्टींना सिमेंट लागत नाही, माणसं आणि फोन लागतात. तुम्ही मागताना नेमकं मागा: इशारा आल्यावर बागा दुपारी उघड्या ठेवणार का, पिण्याचं पाणी कुठल्या चौकात ठेवणार, पत्र्याच्या घरात एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करायला कोण जाणार.

पाणी तुंबत असेल तर पावसाळ्याच्या आधी नाल्याचा फोटो काढा आणि पाऊस पडताना पुन्हा त्याच जागेवरून काढा. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोनेक तासात जवळपास १५० मिलिमीटर पाऊस झाला, शहर पाण्यात गेलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीसाठी वेगळा आराखडा केला, ज्यात पाईप मोठे करण्यासोबत बागा आणि रस्तेच असे करायचे ठरलं की जास्तीचं पाणी तिथे थांबेल किंवा वाहून जाईल. रॉटरडॅममध्ये तर एक चौक असा आहे की कोरड्या दिवसात मुलं तिथे बास्केटबॉल खेळतात आणि मुसळधार पावसात तिथेच पाणी साठतं. तुमच्या भागात मैदान नव्याने होत असेल तर हीच वेळ आहे विचारायची, एकदा फरशी बसली की मग कोणी उखडत नाही.

कचऱ्यात पहिली मागणी ओला कचरा वेगळा उचलण्याची. डंपिंग ग्राउंडवर ओला कचरा दाबला गेला की हवा न लागता कुजतो आणि मिथेन नावाचा वायू निघतो, जो २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ८० पट तापवतो. मिलान शहराने २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने अख्ख्या शहरात ओला कचरा वेगळा गोळा करायला सुरुवात केली, आणि तिथे बहुतेक लोकं फ्लॅटमध्ये राहतात, म्हणजे बिल्डिंगमध्ये हे जमत नाही असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण सांगा. फक्त आधी हे तपासा की वेगळा दिलेला कचरा पुढे गाडीत एकत्र होतो का. होत असेल तर लोकं महिनाभरात वैतागून सोडून देतात आणि त्यात त्यांची चूक नसते.

कोणाला भेटायचं आणि कधी

नगरसेवकाकडे जरूर जा, पण त्याआधी त्या विभागातल्या इंजिनिअरला भेटा. काम का अडलंय हे बऱ्याचदा त्यालाच माहीत असतं, आणि आस्थेने विचारलं तर तो सांगतो. बजेट मंजूर व्हायच्या आठवड्यात गेलात तर उशीर झालेला असतो, विभाग आपापल्या मागण्या काही महिने आधी पाठवतात, ती तारीख विचारून ठेवा आणि तेव्हाच अर्ज द्या. अर्ज एका पानाचा. त्यात जागा, काम, बजेटमधली कुठली ओळ, अंदाजे किती खर्च, आणि खाली आसपासच्या लोकांच्या सह्या. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि तारीख असलेली.

"पैसे नाहीत" हे उत्तर येणारच. अशा वेळी विजेची बिलं मागा, पंपिंग स्टेशनची आणि रस्त्यावरच्या दिव्यांची, मागच्या १२ महिन्यांची. पाणी उपसायला आणि दिवे लावायला पालिका दरमहा बरेच पैसे भरत असते. जुने सोडियमचे दिवे काढून एलईडी लावले की वीज साधारण निम्मी लागते, आणि फुटक्या पाईपातून जे पाणी वाया जातं तेही आधी वीज खर्चून उपसलेलंच असतं. म्हणजे गळती काढली तर पाणी आणि वीज दोन्ही वाचतात. वाचलेली रक्कम झाडं किंवा नाल्याकडे वळवा असं लेखी सुचवा, हे ऐकताना अधिकारी खुर्चीत थोडे पुढे येतात असा माझा अनुभव आहे.

मंजूर झाल्यावर

इथेच बहुतेक लोकं थांबतात. रक्कम मंजूर झाली की टेंडर निघालं का, वर्क ऑर्डर कोणाला मिळाली, देखभालीची अट किती वर्षांची आहे, हे दर दोन महिन्यांनी विचारा. दोनतीन जणांनी आलटून पालटून जा म्हणजे एकाच माणसाची सुट्टी आणि पायपीट होत नाही. आम्ही एक साधी वही ठेवलीये, तारीख, कोणाला भेटलो, काय म्हणाले, पुढची तारीख. माणूस बदलला, साहेबांची बदली झाली, तरी वही दाखवली की बोलणं मागच्या पानावरून पुढे सुरू होतं.