व्यक्ती आधी की समूह आधी : आपली भूमिका मुळापासून कशी तपासावी

ठाण्यात नौपाडा किंवा पाचपाखाडीतील एखाद्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली जाते, तेव्हा चर्चा चटईक्षेत्र, भाडे आणि कॉर्पस (विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी) यांपासून सुरू होते, पण थोड्याच वेळात ती एका जुन्या प्रश्नाशी येऊन थांबते : बहुतेकांना नवी इमारत हवी असताना एकट्या सभासदाने आपला नकार कुठवर ताणावा? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 79(अ) खाली 2019 मध्ये निघालेल्या शासकीय निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती पुरेशी असते. कायद्याचे उत्तर असे स्पष्ट असले, तरी त्याच निर्णयाला एक शेजारी न्याय म्हणतो आणि दुसरा बळजबरी. हा फरक त्यांच्या ओळखीतून आणि श्रद्धांतून आलेला असतो.

व्यक्तीचे हक्क आणि तिची निवड यांना अग्रक्रम देणारी विचारसरणी म्हणजे व्यक्तिवाद. कुटुंब, गाव, संघटना किंवा राष्ट्र यांच्या हिताला अग्रक्रम देणारी विचारसरणी म्हणजे समूहवाद. आपण वाचून, विचार करून यांपैकी एक बाजू निवडली, असे प्रत्येकाला वाटते. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत क्रम उलटा असतो : आपण कोण आहोत हे आधी ठरलेले असते आणि विचारसरणी त्यामागून येते. म्हणून भूमिका तपासायची, तर सुरुवात ओळखीपासून करावी.

त्यासाठी एक जुनी आणि सोपी चाचणी उपयोगी पडते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड यांनी ती 1954 मध्ये मांडली. कोऱ्या कागदावर ‘मी कोण आहे?’ असे लिहून त्याखाली वीस उत्तरे लिहायची. मूळ चाचणीत त्यासाठी बारा मिनिटे दिली जात. उत्तरे सुचतील त्या क्रमाने लिहावीत आणि खाडाखोड करू नये. ऐरोलीच्या एखाद्या कंपनीत काम करणारा घणसोलीचा तरुण ‘मी आगरी आहे’, ‘मी घणसोली गावचा आहे’, ‘मी दोन मुलींचा बाप आहे’, ‘मी प्रोग्रॅमर आहे’, ‘मी हट्टी आहे’ असे लिहील. लिहून झाल्यावर समूह सांगणारी, नाते सांगणारी आणि केवळ स्वतःचा गुण सांगणारी उत्तरे वेगळी काढावीत. कोणत्या प्रकारची उत्तरे किती आली, यापेक्षा पहिल्या चार-पाच ओळींत काय आले याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. हीच चाचणी एकदा घरी आणि काही दिवसांनी एकदा कार्यालयात करावी. दोन्ही याद्या सहसा सारख्या निघत नाहीत, कारण आपल्या अनेक ओळखींपैकी कोणती पुढे यावी हे बरेचसे भोवतालावर अवलंबून असते.

यानंतर श्रद्धांकडे वळावे. एखाद्या वादातील आपले ठाम विधान लिहावे आणि ‘असे का?’ हा प्रश्न पुढे कारण सुचेनासे होईपर्यंत विचारत राहावे. ‘माझ्या घराचा निर्णय मीच घेणार’ या विधानाखाली ‘ते मी माझ्या कमाईतून घेतले’ हे कारण सापडते आणि त्याच्याही तळाशी ‘माणसाला जे मिळते ते त्याच्या कष्टाने मिळते’ ही श्रद्धा असते. वागळे इस्टेटमधील कारखाना बंद पडल्यावर ज्यांच्या घरची चूल शेजाऱ्यांच्या उसनवारीवर चालली, त्यांच्या मनात बहुधा वेगळी श्रद्धा मुरलेली असते : एकट्याच्या कष्टाला समूहाचा टेकू लागतोच. दोन्ही श्रद्धा अनुभवातून आलेल्या आहेत, त्यामुळे यांपैकी कोणाला अप्पलपोटा किंवा मेंढरू म्हणून मोडीत काढणे चुकीचे ठरेल.

मात्र ओळखीवरून विचारसरणीचे भाकीत करण्याचा मोह टाळावा. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजात एकत्र होते, दोघे न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीत होते, 1882 मध्ये दोघांनी डोंगरीचा तुरुंगही एकत्रच भोगला. तरी आगरकरांनी बुद्धी आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांना प्रमाण मानून 1888 मध्ये ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढले आणि टिळकांनी 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला, परकीय सरकारने समाजाच्या अंतर्गत व्यवहारात हात घालू नये, या भूमिकेतून विरोध केला. ओळख इतकी सारखी असूनही श्रद्धांनी वाटा वेगळ्या केल्या.

सर्वांत बारकाईने तपासावा असा प्रश्न हा, की समूहाने आपल्याला काय दिले. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत, मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. ज्या गावाने माणसाला पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्या गावाच्या हाती नागरिकाचे हक्क का सोपवावेत, हे त्यामागचे बळ मला वाटते. तरीही महाडचा 1927 चा सत्याग्रह सामूहिकच होता, कारण व्यक्तीचा हक्क मिळवण्यासाठीही एकजूट लागते.

नवी मुंबईतील गावांचा अनुभव याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. 1970 मध्ये सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरवल्या गेल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील, या जमिनींच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. एकेकट्या शेतकऱ्याला जे मिळाले नसते ते गाव एकत्र उभे राहिल्याने मिळाले, ही आठवण ज्या घरात आहे, तेथे ‘प्रकल्पग्रस्त’ आणि ‘भूमिपुत्र’ या ओळखी अभिमानाने सांगितल्या जातात, आणि वाढत्या कुटुंबासाठी परवानगीविना, गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्नही साऱ्या गावाचा मानला जातो. पण भूखंड नावावर व्हायची वेळ आली, की वारसांची नावे, भावांचे वाटे आणि बहिणींचा हिस्सा असे विषय निघतात, आणि सिडकोसमोर समूहवादी असलेला माणूस घरात आपल्या वाट्याचा काटेकोर हिशेब मागतो. यात ढोंग नाही. म्हणून ‘मी व्यक्तिवादी की समूहवादी?’ असा मोघम प्रश्न न विचारता घर, लग्न, धर्म, जमीन, पगार अशा प्रत्येक विषयाचे उत्तर वेगळे लिहावे आणि शेजारी ‘कोणता समूह?’ हेही नोंदवावे.

समूहाची घडणही पाहावी. मानसशास्त्रज्ञ हॅरी ट्रायंडिस यांनी समानतेवर आणि उतरंडीवर उभ्या असलेल्या समूहवादांत फरक केला आहे. बचत गटात सर्वजणी मिळून ठरवतात आणि एकत्र कुटुंबात बहुधा वडीलधारे ठरवतात. दोन्हीकडे ‘सगळ्यांच्या भल्यासाठी’ असेच म्हटले जाते, पण दुसऱ्या ठिकाणी सुनेला मत विचारले होते का, हे तपासल्याशिवाय ते शब्द मान्य करू नयेत. देशांच्या सरासरी गुणांवर मात्र फार विसंबू नये. डच संशोधक हॉफस्टेड यांच्या मूळ मोजणीत व्यक्तिवादासाठी अमेरिकेला 91 आणि भारताला 48 गुण होते. त्यावरून समोरच्या सभासदाविषयी काहीच कळत नाही.

हे सर्व सभेत वापरायचे असेल, तर मतदानाआधी प्रत्येक सभासदाला दोन गोष्टी विचाराव्यात : या निर्णयात आपण कोणाचे नुकसान होऊ देणार नाही, आणि कोणता अनुभव आपल्याला असे सांगतो. नकार देणाऱ्या वृद्ध सभासदाला पूर्वी एखाद्या व्यवहारात फसवले गेले असेल, तर त्याला बँक हमी आणि भाड्याची लेखी तरतूद दाखवावी लागेल. एकीचे व्याख्यान तेथे उपयोगाचे नाही. त्याची कारणे इतिवृत्तात त्याच्याच शब्दांत नोंदवावीत, ती नोंद त्याला वाचून दाखवावी आणि त्यानंतरच ठराव मतास टाकावा.