हायस्कूलचं म्युझिकल विद्यार्थ्यांनी कसं बसवावं आणि त्यातून एक्सचेंजसाठी पैसे कसे उरवावेत

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कूलांत वसंत ऋतूत म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचांचं नाटक होतं. ते विद्यार्थ्यांनीच उभं करायचं आणि उरलेले पैसे एक्सचेंजसाठी, म्हणजे एका देशातल्या मुलांनी काही काळ दुसऱ्या देशातल्या शाळेत शिकण्यासाठी द्यायचे ठरलं, की उत्साहाच्या भरात आधी नाटक निवडलं जातं आणि हिशेब मागे राहतो. क्रम उलटा ठेवा.

सप्टेंबर: पैसे नेमके कशासाठी?

एएफएससारख्या एक्सचेंज संस्थेतर्फे जे-१ या एक्सचेंज व्हिसावर अमेरिकेत आलेला विद्यार्थी यजमान कुटुंबात राहतो. त्या कुटुंबाला मोबदला मिळत नाही. म्हणून मदत लागते ती बारीकसारीक खर्चांना: इयरबुक (शाळेच्या वर्षाचं फोटोंचं पुस्तक), शाळेची सहल, हिवाळ्याचं जाकीट. दुसरा पर्याय म्हणजे आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलाला परदेशी जाण्यासाठी शिष्यवृत्ती. दोन्हींपैकी एक ठरवा आणि तेच तिकिटावर छापा. सगळे पैसे शाळेच्या विद्यार्थी-निधी खात्यातूनच फिरले पाहिजेत. कुणा पालकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यात एक डॉलरही नको.

ऑक्टोबर: प्रयोगाचे हक्क

‘मदतीसाठीचा प्रयोग आहे, मग परवानगी कशाला?’ असं हमखास विचारलं जातं. अमेरिकी कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक आणि धर्मादाय सादरीकरणाला जी सवलत आहे, ती नाट्यरूप नसलेल्या कृतींपुरती आहे. म्युझिकलला ती मिळत नाही. म्युझिक थिएटर इंटरनॅशनल किंवा कॉनकॉर्ड थिएट्रिकल्ससारख्या कंपनीला खुर्च्यांची संख्या, तिकिटाचा दर आणि प्रयोग किती ते कळवा, मग त्या नाटकाचा दर येतो. परवाना हातात येईपर्यंत पोस्टर लावू नका. संवाद गाळायचा किंवा गाणं छाटायचं तर लेखी परवानगी लागते. चित्रीकरण आणि थेट प्रक्षेपणाचा परवाना वेगळा असतो आणि काही नाटकांना तो मिळतच नाही. पुण्यातल्या आजी-आजोबांना प्रयोग दाखवायचा असेल, तर हे नाटक निवडण्याआधीच विचारून घ्या.

हिशेब

समजा ४०० खुर्च्या, ३ प्रयोग आणि १० डॉलरचं तिकीट. हाउसफुल्ल धरू नका, ६० टक्के धरा: ७२० तिकिटं, ७,२०० डॉलर. खर्च असा: हक्क आणि संहिता-स्वरलिपीचं भाडं २,५००, माइक १,२००, नेपथ्य ९००, वेशभूषा ७००, छपाई ३००. एकूण ५,६००. त्यावर १० टक्के राखीव धरले की ६,१६०. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून बघा. पण चित्र बहुतेक असंच निघतं: पहिली ६१६ तिकिटं खर्चातच जातात आणि एक्सचेंजसाठी जेमतेम १,०४० उरतात.

म्हणून खरी भर कार्यक्रमपत्रिकेतल्या जाहिरातींतून आणि मध्यंतराच्या स्टॉलमधून घाला. मराठी पालकांनी वडापाव जरूर ठेवावा, फक्त लसणाच्या सुक्या चटणीत शेंगदाणे नकोत. अमेरिकी शाळांत शेंगदाण्याची ॲलर्जी हा गंभीर विषय आहे. घरचं अन्न विकायला परवानगी आहे का, हे शाळेला आधी विचारा.

डिसेंबर ते मार्च: तालमी

निवडचाचणी डिसेंबरात घ्या, मग दहा आठवडे, आठवड्याला चार दिवस, दररोज अडीच तास. पहिले तीन आठवडे फक्त गाणी. चाली पक्क्या होण्याआधी नाच शिकवला, की मुलं पावलं मोजतात आणि आवाज बसतो. सातव्या आठवड्यापासून हातात संहिता नको.

विद्यार्थ्यांच्या प्रयोगात दिग्दर्शकापेक्षा जपून निवडावा तो स्टेज मॅनेजर. त्याच्या फाइलमध्ये प्रत्येक हालचाल पेन्सिलीने आणि प्रत्येक प्रकाशबदल क्रमांकाने लिहिलेला हवा. हेडसेटवर तो ‘स्टँडबाय, लाइट २४’ म्हणतो, समोरून ‘स्टँडबाय’ असं उत्तर येतं, मग तो म्हणतो, ‘लाइट २४, गो.’ ‘गो’ हा शब्द इतर कशासाठीही वापरायचा नाही, ही सवय पहिल्या तालमीपासून लावा. ‘तिकडे गो’ असं कुणी सहज म्हटलं तरी ब्लॅकआउट व्हायचा, म्हणजे मंचावर एकदम अंधार.

घोटाळा सर्वांत जास्त होतो माइकचा. शाळेच्या कपाटात जुने वायरलेस संच सापडले, तर मागची फ्रिक्वेन्सी वाचा. ६१७ ते ६५२ आणि ६६३ ते ६९८ मेगाहर्ट्झवरचे संच वापरायला १३ जुलै २०२० पासून अमेरिकेत मनाई आहे. प्रत्येक प्रयोगाआधी बॅटऱ्या नव्या घाला, कालची ‘अर्धी शिल्लक’ दुसऱ्या अंकात दगा देते. घाम माइकच्या टोकात शिरला की आवाज घुसमटतो, म्हणून वायर गालावर वैद्यकीय टेपने चिकटवा आणि टोक ओठांपासून जरा दूर ठेवा. रंगीत तालीम माइक लावूनच करा.

एक्सचेंजच्या मुलांना आत घ्या

ज्यांच्यासाठी निधी, त्यांना नुसतं मंचावर बोलावून टाळ्या मिळवून देणं पुरेसं नाही. ही मुलं सहसा ऑगस्टमध्ये येतात आणि जूनमध्ये परततात, म्हणजे म्युझिकलसाठी त्यांना एकच संधी. समूहगायन, नेपथ्य, वाद्यवृंद, प्रकाश यांत त्यांना मनापासून बोलवा. उच्चारांवरून भूमिका नाकारू नका. समूहातल्या गाण्याचे शब्द आठवडाभर आधी लिहून दिले, तर तेही सगळ्यांइतकेच तयार होतात.

मोठी अडचण घरी जायची असते. बहुतेक एक्सचेंज कार्यक्रमांत गाडी चालवायला मनाई असते आणि रात्री नऊला तालीम सुटल्यावर यजमान आई-बाबांनी रोज यावं, ही अपेक्षा जड आहे. तालमीच्या वेळापत्रकालाच कोण कुणाला सोडणार याची यादी जोडा, त्यात चालक पालकांची नावं आणि वार लिहा, आणि यजमान कुटुंबाची संमती आधी घ्या.

प्रयोग आणि नंतर

रोख रक्कम दोघांनी मिळून मोजायची, सही करायची आणि त्याच रात्री शाळेच्या तिजोरीत ठेवायची. शेवटच्या प्रयोगानंतर नेपथ्य उतरवा आणि माइक मोजून परत करा. भाड्याच्या संहितांतल्या पेन्सिलीच्या खुणा खोडा. एखादी प्रत हरवली किंवा खराब झाली, तर तिचे पैसे भरावे लागतात. शेवटचं बिल भागेपर्यंत एक्सचेंजचा चेक लिहू नका.