सिनेटमध्ये ४७ मतांनिशी राष्ट्राध्यक्षांना अडवायचं कसं

अमेरिकेत विरोधी पक्षनेत्याला सरकार पाडता येत नाही. अविश्वास ठराव हा प्रकारच तिथे नाही. राष्ट्राध्यक्षांची चार वर्षं ठरलेली, आणि सिनेटमधलं बहुमत त्यांच्या पक्षाचं असेल तर साध्या मतदानात विरोधक हरणारच. मग १०० जणांच्या सिनेटमध्ये ४७ सदस्यांच्या नेत्याकडे उरतं काय? वेळ, आणि ६० हा आकडा, म्हणजे बहुतेक विधेयकांवरची चर्चा संपवायला लागणारी मतं. २०२१मध्ये बायडेन यांच्याविरुद्ध रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी आणि २०२५मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध डेमोक्रॅट नेते चक शूमर यांनी जवळपास हीच हत्यारं वापरली.

आधी आपली माणसं मोजा

आपल्याकडच्या व्हीपची कल्पना इथे बाजूला ठेवा. तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही, पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कुणाचं पद जात नाही. व्हीपचं मुख्य काम म्हणजे मतं मोजणं आणि समजूत घालणं. बहुमताकडे ५३ असतील तर ६० गाठायला त्यांना विरोधकांतले सात लागतात. म्हणून मतदानाच्या आठवडाभर आधी, कोण गळू शकतं याची यादी हवी. राष्ट्राध्यक्षांनी जिंकलेल्या राज्यांतले सदस्य त्यात असतातच. ज्यांची निवडणूक जवळ नाही आणि जे निवृत्त होणार आहेत, त्यांची नावंही लिहा. नोव्हेंबर २०२५मध्ये सरकारी कामबंदी (खर्चाला मंजुरी नसल्याने थांबलेलं सरकारी काम) संपवायला विरोधी गटातले आठ जण पलीकडे गेले. त्यांच्यापैकी एकालाही २०२६मध्ये निवडणूक लढवायची नव्हती. त्या आठांत डिक डर्बिन होते, म्हणजे मतं मोजणारा व्हीपच.

फिलिबस्टर: बोलायची गरज नाही

फिलिबस्टर म्हणजे चर्चा संपू न देता विधेयक अडवणं. रात्रभर उभं राहून भाषण करणं हे चित्र डोक्यातून काढा. डेमोक्रॅट सिनेटर कोरी बुकर १ एप्रिल २०२५ला २५ तासांहून जास्त बोलून विक्रम करून बसले, पण त्याने एकही विधेयक अडलं नाही. आजचा फिलिबस्टर कागदावर चालतो. चर्चा संपवायची तर बहुमताला क्लोचर, म्हणजे चर्चा बंद करण्याचा प्रस्ताव, आणावा लागतो. त्यावर १६ सह्या लागतात, मध्ये एक कामाचा दिवस जावा लागतो, मग मतदान. ६० मतं मिळाली तरी आणखी ३० तासांपर्यंत चर्चा ओढता येते. शिवाय विधेयक चर्चेला घ्यायचं की नाही यावर एकदा आणि खुद्द विधेयकावर पुन्हा एकदा, असं हे दोनदा करता येतं. दोन्ही वेळा पूर्ण वेळ घेतला तर आठवडा सहज जातो.

६० हा आकडा हजर सदस्यांचा नाही, शपथ घेतलेल्या एकूण सदस्यांच्या तीन पंचमांशाचा आहे. म्हणजे गैरहजर माणूससुद्धा विरोधकांच्याच खात्यात. माणसं जमवायची धावपळ बहुमताची असते.

रोजचं बहुतेक कामकाज मात्र एकमताने चालतं, आणि एका सदस्याची हरकत ते थांबवायला पुरते. पण हरकत घ्यायला माणूस सभागृहात प्रत्यक्ष हजर हवा, रात्री दोन वाजतासुद्धा. मार्च २०२१मध्ये रिपब्लिकन सिनेटर रॉन जॉन्सन यांनी बायडेन यांचं ६२८ पानांचं मदत विधेयक शब्दन् शब्द वाचायला लावलं. जवळपास ११ तास लागले. वाचन संपलं तेव्हा हरकत घ्यायला एकही रिपब्लिकन सभागृहात नव्हता. डेमोक्रॅट ख्रिस व्हॅन हॉलन यांनी २० तासांची चर्चा तीन तासांवर आणायची परवानगी मागितली आणि ती मिळून गेली. कमावलेले तास तिथेच गेले. म्हणून ड्यूटीचा तक्ता आधी, डावपेच नंतर.

नेमणुका

राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांना आणि न्यायाधीशांना सिनेटची मंजुरी लागते, पण इथे ६०चा आधार उरलेला नाही. २०१३मध्ये डेमोक्रॅट्सनी बहुतेक नेमणुकांसाठी आणि २०१७मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयासाठी साधं बहुमत पुरेसं केलं. २०१९मध्ये जिल्हा न्यायाधीश आणि दुय्यम पदांसाठी क्लोचरनंतरचा वेळही ३० तासांवरून दोनवर आला. उरला तो प्रत्येक नावामागचा वेळ. पदं हजाराहून जास्त असल्याने प्रत्येक नावावर वेगळं मतदान मागितलं की बहुमताचं वेळापत्रक कोसळतं.

२०२५मध्ये डेमोक्रॅट्सनी सरसकट सगळ्याच नावांवर ते मागितलं. परिणाम? सप्टेंबरमध्ये बहुमताने पायंडाच बदलला आणि दुय्यम पदांची ४८ नावं एका मतदानात मंजूर केली. ऑक्टोबरमध्ये आणखी १०७. सगळंच अडवलं की अडवण्याचा हक्कच जातो. निवडक, वादग्रस्त दहा-पंधरा नावं धरली असती तर नियम बदलायला बहुमतातल्या सगळ्यांना एकत्र आणणं अवघड गेलं असतं, असं आमचं मत. जिल्हा न्यायाधीशांसाठी त्या-त्या राज्याच्या सिनेटरची ‘ब्लू स्लिप’, म्हणजे संमतीची चिठ्ठी, अजून चालते, पण ती न्याय समितीच्या अध्यक्षाच्या मर्जीवर.

रिकन्सिलिएशन: खरी लढाई

रिकन्सिलिएशन ही अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकांची खास पद्धत. राष्ट्राध्यक्षांचा सगळ्यात मोठा कायदा बहुधा याच वाटेने येतो, कारण इथे चर्चा २० तासांची आणि मंजुरी साध्या बहुमताने. विरोधकांचं हत्यार म्हणजे बर्ड नियम: ज्या कलमाचा अर्थसंकल्पावरचा परिणाम नुसता आनुषंगिक आहे, ते या विधेयकात बसत नाही. निकाल देते सिनेटची पार्लमेंटेरियन, म्हणजे नियमांची जाणकार अधिकारी.

विधेयकाचा मसुदा हातात पडताच अर्थसंकल्प समितीतल्या आपल्या कर्मचाऱ्यांना कलमं वाटून द्या. प्रत्येक संशयास्पद कलमावर लेखी युक्तिवाद तयार करा, कारण दोन्ही बाजू पार्लमेंटेरियनसमोर बंद दाराआड मांडल्या जातात. नियमाविरुद्ध ठरलेलं कलम ठेवायला पुन्हा ६० मतं लागतात. २०२१मध्ये १५ डॉलर किमान वेतन असंच बाहेर गेलं, २०२५मध्ये सरकारी जमिनी विकण्याची तरतूद अडली. दमछाक करून जे मिळत नाही ते इथे मिळतं, म्हणून चांगले वकील या कामाला लावा. टीव्हीवर बोलणारे नकोत. २०२५च्या त्याच विधेयकाचं, ट्रम्प यांच्या मोठ्या कायद्याचं, ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ हे नावही शूमर यांनी हरकत घेऊन काढायला लावलं. बातमी झाली, कायद्याला धक्का लागला नाही.

विधेयकाचं पूर्ण वाचन मागायचंच तर आपल्या लोकांना मसुदा तपासायला वेळ मिळावा म्हणून मागा. २०२५मध्ये ९४० पानांना जवळपास १६ तास लागले. २० तासांनंतर दुरुस्त्यांची मालिका सुरू होते, एकामागून एक मतदान. दुरुस्त्या दोन प्रकारच्या ठेवा: बहुमतातल्या डळमळीत सदस्याला खरोखर पटेल अशा थोड्या, आणि पुढच्या निवडणुकीत त्याच्या नावाने दाखवता येईल असं मत नोंदवून घेणाऱ्या बाकीच्या.

मग गणित. जुलै २०१७मध्ये रिपब्लिकनांचं बहुमत ५२-४८ होतं. कॉलिन्स, मुरकाउस्की आणि मॅकेन असे तिघे फुटले आणि ओबामाकेअर (ओबामांचा आरोग्य विमा कायदा) रद्द करणारं विधेयक ४९-५१ने पडलं. मॅकेन यांच्या मतावर डेमोक्रॅट बाकांवरून टाळ्या वाजल्या, त्या शूमर यांनी हाताने थांबवल्या. बरोबर केलं, त्या तिघांची उद्या पुन्हा गरज लागणार होती. २०२५मध्ये ‘बिग ब्यूटिफुल’ विधेयकावरही तिघे रिपब्लिकन फुटले, पण त्यांच्या जागा ५३ होत्या. ५०-५० झालं, उपाध्यक्ष व्हॅन्स यांच्या मताने विधेयक पास. म्हणजे चौथा लागत होता, आणि मुरकाउस्की अलास्कासाठी सवलती मिळवून बाजूला राहिल्या. शेवटचं मत बहुमत राज्याला काहीतरी देऊन विकत घेतं. तेव्हा लागतात त्यापेक्षा एक-दोघं जास्त धरून काम करा.

कामबंदी आणि सक्तीचे ठराव

३० सप्टेंबरला आर्थिक वर्षाबरोबर खर्चाची मंजुरी संपते आणि नव्या मंजुरीला ६० मतं लागतात. अडवायचं तर मागणी एकच आणि लोकांना कळणारी ठेवा. २०२५ची कामबंदी ४३ दिवस चालली. मागणी आरोग्य विम्याच्या अनुदानाची होती, ती मान्य न होताच संपली. बाहेर पडायचा रस्ता पहिल्या दिवशी ठरलेला नसेल तर तो आपलेच सदस्य परस्पर काढतात.

राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली असेल तर १९७६च्या कायद्याखाली ती संपवण्याचा ठराव कुणीही सदस्य मतदानाला आणू शकतो, बहुमताचा नेता तो दाबू शकत नाही. एप्रिल २०२५मध्ये आणीबाणीच्या आधारे कॅनडावर लावलेल्या आयातशुल्काविरुद्धचा असा ठराव ५१-४८ने मंजूर झाला. नकाराधिकार उलटवायला दोन तृतीयांश लागतात, त्यामुळे बहुधा आणीबाणी टिकते. पण राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाला जाहीर मत द्यावं लागतं.

हाऊसमध्ये

हाऊस म्हणजे संसदेचं दुसरं सभागृह. तिथे फिलिबस्टर नाही. नेत्याला हवं तितकं बोलता येतं एवढंच. डेमोक्रॅट नेते हकीम जेफ्रीज ३ जुलै २०२५ला ८ तास ४४ मिनिटं बोलले आणि ‘बिग ब्यूटिफुल’ विधेयक त्याच दिवशी मंजूर झालं. कामाची गोष्ट म्हणजे डिस्चार्ज पिटिशन. २१८ सह्या झाल्या की स्पीकरला डावलून विषय मतदानाला येतो. लैंगिक गुन्हेगार जेफ्री एपस्टीनच्या सरकारी फायली उघड करायच्या पिटिशनवर १२ नोव्हेंबर २०२५ला २१८वी सही झाली: डेमोक्रॅट २१४, रिपब्लिकन चार. ती दाखल केली होती रिपब्लिकन थॉमस मॅसी यांनी. अशा अर्जावर पहिलं नाव बहुमताच्या पक्षातल्या माणसाचंच असू द्या, आपल्या नेत्याचं नको. नाहीतर ते चार जण सही करायला येत नाहीत.