नव्या शाळेत पालकांची एकी जमवताय? या चुका टाळा

मुलीची शाळा नवीन सुरू झाली त्या पहिल्याच जूनमध्ये आम्ही पालक मेळावा घेतला. मंडप, माईक, पाहुण्यांना फेटे, तीनशे खुर्च्या. आले साठ-सत्तर पालक. भाषणं संपली तशा सगळ्यांनी गाड्या काढल्या. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंचं नाव मी घरी येईपर्यंत विचारलं नव्हतं, आणि मी तर आयोजकांतली होते. पुढची तीन वर्षं पालक-शिक्षक संघात काम करताना हेच शिकत गेले, म्हणून लिहिते आहे. कोल्हापूरच्या आसपास नव्या शाळा निघताहेत आणि बहुतेक ठिकाणी सुरुवात अशीच होते.

मोठ्या कार्यक्रमाने सुरुवात करणं

कार्यक्रमात पालक पाहुणा असतो. ओळखी होतात त्या हाताला काम मिळालं की. त्याच वर्षी जुलैत शाळेच्या फाटकासमोर इतका चिखल झाला की व्हॅन रुतायला लागल्या. शाळेने दोन ट्रॉल्या मुरूम टाकला, पण पसरायला मजूर मिळेनात. शनिवारी निरोप गेला, ‘उद्या सकाळी आठला ज्यांना जमेल त्यांनी खोरं-पाटी घेऊन या.’ बावीस जण आले. बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारे एक वडील पाण्याला उतार कुठून काढायचा ते सांगत होते आणि बँकेत अधिकारी असलेले दुसरे वडील त्यांच्या हाताखाली पाट्या ओतत होते. ‘साहेब, एवढी भरू नका, कंबर धरंल!’ एका वहिनींनी किटलीभर चहा आणला, कप कमी पडले, आम्ही तेच धुऊन फिरवले. दुसऱ्या दिवशी मुलांना सोडायला आलेले ते दोघे फाटकाशी पंधरा मिनिटं बोलत उभे होते. मेळाव्यात हे झालं नव्हतं.

एक मात्र सांभाळा. मुरमाचे पैसे शाळेनेच दिले होते आणि तेच योग्य होतं. फी भरणाऱ्या पालकांवर शाळेचा खर्च आणि जबाबदारी ढकलली की लोक पुन्हा येत नाहीत.

पहिलाच निरोप वर्गणीचा, नाहीतर दंडाचा

ओळख व्हायच्या आधी टी-शर्टचे चारशे रुपये मागितले की ज्याला परवडत नाही तो गप्प होतो आणि मग टाळायला लागतो. मीटिंगला न येणाऱ्या पालकांना दंड लावायची सूचनाही आमच्याकडे आली होती. शाहू महाराजांनीही दंड लावला होता, असं कुणीतरी म्हणालं. खरं आहे, 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करताना त्यांनी मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. पण तो मुलाच्या शिक्षणासाठी होता. आपल्या सभेला गर्दी व्हावी म्हणून दंड लावणं हे मला आजही पटत नाही.

महाराजांची जयंती 26 जूनला, म्हणजे शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवसांत येते. बिनखर्चाचा पहिला कार्यक्रम हवा असेल तर याहून चांगला दिवस नाही. आम्ही त्या दिवशी वर्गावर्गात आजी-आजोबांना बोलावतो. त्यांच्या लहानपणीची शाळा कशी होती, एवढंच ते सांगतात.

पालक येत नाहीत म्हणून त्यांना रस नाही, असं ठरवणं

आधी वेळ बघा. शनिवारी अकराची मीटिंग कुणाला जमणार? शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे आहेत. ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्यांना सकाळ-संध्याकाळ धारा सोडून येता येत नाही. आम्ही एकच सभा दोन वेळा ठेवायला लागलो, एकदा शाळा सुटताना आणि एकदा रविवारी सकाळी दहाला. गर्दी दुप्पट झाली असं म्हणणार नाही, पण चेहरे बदलले.

दुसरं कारण कुणी तोंडाने सांगत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून सभाही इंग्रजीत चालायची. तिसरीतल्या एका मुलाची आई वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसायची. एकदा फाटकाशी मला म्हणाली, ‘ताई, मला सगळं कळतंय ओ, बोलायची तेवढी भीती वाटती.’ पुढची सभा वर्गाच्या बाईंनी मराठीत घेतली. डब्यातलं जेवण मुलं का टाकतात यावर सगळ्यात कामाचं बोलली ती हीच आई. मूल इंग्रजीत शिको, पालकांची सभा मराठीतच असू दे. आणि ज्यांना मराठी येत नाही, त्यांच्याशेजारी समजावून सांगणारं कुणीतरी बसवा.

त्याच चार घरांची समिती

नव्या शाळेत संस्थाचालकांच्या ओळखीचे पालक आपोआप पुढे येतात. बाकीच्यांना समिती ‘त्यांची’ वाटायला लागते. कायद्याने याची सोय केली आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांमधून लॉटरीने निवडायचे असतात. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर, एखाद्या लहान मुलाच्या हातून काढा. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिचे किमान 75 टक्के सदस्य पालक असतात.

एकच भलामोठा व्हॉट्सॲप ग्रुप

तीनशे जणांच्या ग्रुपवर एका डब्यावरून सुरू झालेलं भांडण रात्री अकरापर्यंत चालतं. सूचनांचा ग्रुप फक्त शाळेला लिहिता येईल असा ठेवा, गप्पांसाठी वर्गाचे छोटे ग्रुप करा. तक्रार आली की ग्रुपवर उत्तर देऊ नका, त्या पालकांना फोन लावा.

पेठांप्रमाणे संघ पाडणं

ही चूक कोल्हापूरकरच करू शकतो. पालकांच्या फुटबॉलला आम्ही राहत्या भागाप्रमाणे संघ केले. शाहू स्टेडियमवर तालमींचे, म्हणजे पेठांतल्या मंडळांच्या फुटबॉल संघांचे, सामने बघत वाढलेली माणसं ती, ईर्ष्या रक्तातच. अर्ध्या तासात वडील एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि मुलं बाहेरून बघत होती. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाकून संघ केले. प्रत्येक संघात वडील, आया, एक शिक्षक आणि दोन मुलं, आणि मुलाने मारलेला गोल दोन धरायचा. मग सगळे मुलांनाच पास देत होते.

पावसाळ्याची यादी न करणं

वर्ग सुरू झाले की पहिल्या आठवड्यात कोण कुठे राहतं याची गाववार यादी करा. आमच्याकडे चिखली, आंबेवाडीकडची मुलं आहेत. पंचगंगा वाढली की त्यांचा रस्ता आधी बंद होतो. राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी 39 फूट आहे आणि धोका पातळी 43. आम्ही यादीत अशा प्रत्येक मुलासमोर शहरातल्या एका वर्गमित्राचं घर लिहून ठेवतो, दोन्ही घरांना आधी विचारून. पाणी 39 ला गेलं की शहरातलं घर फोन करतं, कुणी सांगायची वाट बघत नाही. गेल्या वर्षी माझ्या मुलीची मैत्रीण तीन रात्री आमच्याकडे होती. चौथ्या दिवशी तिचे वडील न्यायला आले ते कॅन भरून दूध घेऊन. घरी परत न्या म्हटलं तर ऐकेनात, शेवटी आम्ही सगळ्या मजल्यावर वाटलं.