फोन बाजूला ठेवून आपलं गाव नकाशावर शोधायचं कसं

सुट्टीवर गावी आलो की आमचे आबा दरवेळी एकच विचारतात, "समुद्रमा वाट कशी सापडस रे भो?" मी जहाजावर सेकंड मेट, रस्ता आखायचं काम माझंच, पण जीपीएस आहे ना म्हटलं की त्यांचं समाधान होत नाही आणि खरं सांगायचं तर माझंही होत नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांचं जीपीएस ती जहाजं चक्क विमानतळावर उभी आहेत असं दाखवत होतं. सॅटेलाइट २०,००० किलोमीटरवर, सिग्नल एकदम क्षीण, कोणी जवळून खोटा सिग्नल सोडला की रिसीव्हर फसतो. स्क्रीन बंद पडली तर निदान कळतं तरी, चुकीचा आकडा दाखवत राहिली तर कळतच नाही. म्हणून सॅटेलाइटशी काही संबंध नसलेला दुसरा आकडा हाताशी पाहिजे. अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीने बंद केलेलं सूर्य-ताऱ्यांवरून वाट काढायचं शिक्षण २०१५ मध्ये परत सुरू केलं ते यासाठीच, आणि आपला दर्यावर्दी अभिलाष टॉमी २०२३ मध्ये जीपीएस न वापरता सेक्स्टंटवर (सूर्य-तारे क्षितिजापासून किती वर आहेत तो कोन मोजायचं यंत्र) पृथ्वीची फेरी मारून शर्यतीत दुसरा आला.

हे शिकायला समुद्र लागत नाही, जळगाव-धुळ्यात बसून जमतं. दोन आकडे काढायचे, अक्षांश आणि रेखांश.

आधी सोपं, ध्रुवतारा. कंपासपेटीतला कोनमापक घ्या, त्याच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मधल्या भोकातून दोरा ओवून खाली एक नट बांधा, म्हणजे छोटा ओळंबाच झाला. स्ट्रॉमधून ध्रुव बघायचा, दोरा हलायचा थांबला की बोटाने दाबून धरायचा आणि आकडा वाचायचा. ९० मधून तो वजा केला की ध्रुवाची उंची, आणि तीच तुमचा अक्षांश. आमच्याकडे दोरा ६९ वर येतो म्हणजे २१ डिग्री, जळगाव २१ वरच आहे. एकदा वाचून थांबू नका, दहा वेळा वाचा आणि सरासरी काढा, हात थरथरतो त्यात एक-दोन डिग्री सहज जातात.

ध्रुव ओळखायला सप्तर्षी बघा, जुनी माणसं त्याला म्हातारीची खाट आणि तीन चोर म्हणतात ना तेच, खाटेच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ पाचपट वाढवली की ध्रुव. नोव्हेंबरात संध्याकाळी सप्तर्षी नसतो, तेव्हा एम अक्षरासारखी शर्मिष्ठा शोधा. आणि एक गोष्ट बरेच जण सांगतच नाहीत, ध्रुव बरोबर ध्रुवबिंदूवर नसतो, साधारण ३८ मिनिटं (घड्याळाची नाही, कोनाची; ६० मिनिटं म्हणजे एक डिग्री) बाजूला असतो आणि त्याच्याभोवती फिरतो. एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, तेव्हा दुरुस्ती न करता ३८ मिनिटं म्हणजे ७० किलोमीटर, जळगाव थेट सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात जाऊन पडेल. कोनमापकावर हे दिसत नाही पण जहाजावर अल्मनॅकमधून (सूर्य-ताऱ्यांच्या जागा दिलेलं खलाशांचं पंचांग) दुरुस्ती करावीच लागते.

आता रेखांश, हा मला जास्त आवडतो कारण यात घड्याळ येतं. गेल्या ३ नोव्हेंबरला पुतण्याला घेऊन आमच्या ओट्यावर केलं ते जसंच्या तसं सांगतो. आधी पाण्याची लेव्हल लावून सपाट जागा बघितली. सळई उभी केली, वर पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्याला बारीक भोक पाडलं, भोक जमिनीपासून बरोबर १०० सेंटीमीटरवर. नुसत्या काठीच्या सावलीचं टोक पुसट असतं, भोकातून मात्र सूर्याचा छोटा गोल ठिपका पडतो, त्याचा मध्य नीट धरता येतो. भोकातून ओळंबा सोडून खाली खूण केली, सगळी मापं त्या खुणेपासून. (सूर्याकडे बघायचं नाही, ठिपक्याकडेच बघायचं, पोरं सोबत असली तर हे दोनदा सांगा.)

सकाळी ९:४० ला ठिपका १२८ सेंटीमीटरवर होता, तिथून खुणेभोवती दोरी आणि खडूने गोल आखला. दुपारी ठिपका परत त्याच गोलाला टेकला २:४६ ला. दोन्हीच्या मधली वेळ १२:१३, ती आपली खरी मध्यान्ह. बारा वाजता ती होत नाही कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ डिग्रीवर चालतं आणि आपण त्याच्या पश्चिमेला. पण अजून एक हिशोब आहे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं मागे. म्हणून १२:१३ मध्ये १६ मिळवले, १२:२९. म्हणजे २९ मिनिटांचा फरक, पृथ्वी एक डिग्री फिरायला ४ मिनिटं घेते, २९ भागिले ४ म्हणजे सव्वासात. ८२.५ मधून सव्वासात गेले, राहिले ७५.२५. फोनने ७५.५५ दाखवलं, म्हणजे आम्ही स्वतःला एरंडोलच्या पुढे नेऊन ठेवलं, तीसेक किलोमीटर. वेळेत मिनिटभर चुकलो की इथे २६ किलोमीटर सरकतो, म्हणूनच जहाजावर सेकंद मोजतात.

त्याच ठिपक्याने अक्षांशही दिला. मध्यान्हीला तो ७३ सेंटीमीटरवर होता, ७३ भागिले १००, कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन, ३६ डिग्री. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या १५ डिग्री दक्षिणेला होता, ३६ वजा १५ बरोबर २१. पुतण्याने वहीत २१ च्या खाली दोन रेघा ओढल्या आणि मला परत करून बघायला लावलं, परत २१ च आलं.

जहाजावर तत्त्व हेच, फक्त ठिपक्याऐवजी सेक्स्टंटच्या आरशात सूर्य खाली आणून त्याची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि त्याच क्षणी वेळ लिहायची. मग इन्स्ट्रुमेंटची चूक, डोळ्याची उंची, हवेत वाकणारा प्रकाश, सूर्याची अर्धी जाडी, हे सगळं वजा-बेरीज. तारे घ्यायचे तर संधिप्रकाशातच, कारण रात्री क्षितिज दिसत नाही आणि दिवसा तारे.

कोणाकडे खरा सेक्स्टंट असेल तर खान्देशात क्षितिज कुठून आणायचं हा प्रश्न येतो, तिन्हीकडे डोंगर नाहीतर झाडं. त्यावर जुना उपाय, परातीत गाडीचं जळकं ऑइल ओता, त्यात सूर्याचं प्रतिबिंब पडतं, आकाशातला सूर्य आरशातून त्या प्रतिबिंबावर आणून बसवा. जो कोन येईल त्यातून इन्स्ट्रुमेंटची चूक काढा आणि निम्मं करा, डोळ्याच्या उंचीची दुरुस्ती लागत नाही. गडद काचा दोन्हीकडच्या लावा, ऑइलमधला सूर्यही डोळा जाळतो. सेक्स्टंट साधारण १२० डिग्रीपर्यंतच मोजतो म्हणून मध्यान्हीचं माप ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंतच घ्या, उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य फार वर जातो. वाऱ्याने ऑइल हललं की प्रतिबिंब फुटतं, तेव्हा परात भिंतीच्या आडोशाला ठेवा.